दूरदर्शनच्या काळातले आपले बालपण आणि पुढच्या पिढीचे ‘कोण?’

लालबागकर (धागाकर्ता)

जून २०२२ मध्ये प्रदीप भिडे गेले, तेव्हा माझ्या वयाच्या अनेक मराठी माणसांना आपल्या परिचयातले कोणी गेल्याचे दुःख झाले. मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या म्हटल्या की आजही माझ्या कानांत त्यांचाच आवाज येतो. कार्यालयात मी ती बातमी सांगितली, तेव्हा पंचविशी-तिशीतल्या सहकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “कोण होते ते?” फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिओ निवेदक अमीन सयानी यांच्या निधनानंतरही तेच घडले. प्रश्नात उपहास नव्हता, अनादर तर मुळीच नव्हता. तरीही दोन्ही वेळा जे वाटले, ते आरशात पांढरा केस दिसल्यावरही मला वाटले नव्हते. त्याविषयी नीट विचार करावा आणि इथल्या जाणत्या मंडळींचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे बालपण गिरणगावातल्या एका चाळीत गेले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि आमच्या मजल्यावर पहिला संच आला तो त्यानंतर काही वर्षांनी. संच एका बिऱ्हाडात असला तरी प्रेक्षक साऱ्या मजल्याचे असत. ‘किलबिल’ आम्हा मुलांचे, ‘गजरा’ सगळ्यांचा, ‘आमची माती आमची माणसं’ गावाकडे जमीन असलेल्या काकांचे आणि ‘ज्ञानदीप’ बाबांच्या आवडीचे. गुरुवारी चित्रपटगीतांचे छायागीत, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट, आणि पुढच्या आठवड्यात काय दाखवणार हे सांगणारी ‘साप्ताहिकी’ तर आम्ही वेळापत्रक उतरवून घ्यावे तितक्या एकाग्रतेने पाहत असू. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अनुक्रमे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने दिसू लागले, तेव्हा पुस्तक न वाचलेल्या माणसांच्याही तोंडी ती दोन नावे बसली. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांना आम्ही अभिनेत्री म्हणून ओळखण्याआधी वृत्तनिवेदिका म्हणून ओळखत होतो.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की त्या कार्यक्रमांपेक्षाही ते सर्वांनी एकाच वेळी पाहिलेले असणे, ही माझ्या बालपणाची खरी ठेव होती. दुसऱ्या दिवशी शाळेत, गिरणीच्या फाटकाशी, वाण्याच्या दुकानात अर्धे वाक्य उच्चारले तरी समोरचा ते पुरे करीत असे. आज मी अर्धे वाक्य बोलतो आणि ते तसेच राहते. मला म्हातारपणाची जाणीव होते ती त्या क्षणी. गुडघे अजून ठीक आहेत आणि कामाचा उत्साहही आहे, पण माझे संदर्भ समजून घेणारी माणसे आता माझ्या आसपास बसत नाहीत.

तरुणांना जुन्याविषयी आस्था नाही, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला पटत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालची आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणारी मुलेमुली “धनंजय माने इथेच राहतात का?” हे वाक्य माझ्यापेक्षा सहजपणे वापरतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने १९८७-८८ सालचे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा माझी पुतणी ठरल्या वेळी आमच्याबरोबर येऊन बसत असे. तिला कोणी आग्रह केला नव्हता. जे समोर आले ते तिने पाहिले. मग ‘गजरा’ तिच्यासमोर का आला नाही, आणि येणार कुठून? माझ्या मते या वेदनेचे मूळ तरुणांच्या वृत्तीत नसून आपले बालपण ज्या गोष्टींनी घडले त्या गोष्टींच्या स्वरूपात आहे. त्या एका संध्याकाळी, एका ठरलेल्या वेळी घडत आणि संपत. आपण त्या जपल्या नाहीत, आणि जपण्याचे साधनही आपल्या हाती नव्हते. याविषयी तुमचे अनुभव आणि विचार वाचायला आवडतील.

—

प्रतिसाद : जुनीवही

लालबागकर, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला मी भक्कम दुजोरा देते. आमच्या काकांचा चित्रीकरणाच्या क्षेत्राशी संबंध होता आणि त्या काळच्या गोष्टी मी त्यांच्याकडून पुष्कळ ऐकल्या आहेत. चित्रफीत महाग होती आणि ती साठवायला जागा लागे. त्यामुळे प्रसारण झाले की तीच फीत पुसून पुढच्या कार्यक्रमासाठी वापरली जाई. कोणाला यात काही गैर वाटत नसे, कारण कार्यक्रम म्हणजे नाटकाच्या प्रयोगासारखी, झाली की संपली अशी गोष्ट आहे, अशीच सर्वांची समजूत होती. जगभरच्या अनेक दूरचित्रवाणी संस्थांनीही तेव्हा हेच केले. परिणाम असा, की आपण ज्यांच्याविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलतो त्या सुरुवातीच्या मराठी कार्यक्रमांपैकी फारच थोडे आज पाहायला मिळतात. ‘चिमणराव’ तरुण मुलाला दाखवायचे म्हटले तर हाताशी जे सापडते, त्यावरून त्या मालिकेने घराघरात काय केले होते याची कल्पना येत नाही.

चित्रपटांचीही कथा याहून फार वेगळी नाही. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९३२ सालचा मराठी ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकला, म्हणून त्यावर आज बोलता येते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, त्यामुळे निदान चित्रपटांसाठी एक घर तरी झाले. दूरचित्रवाणीच्या वाट्याला तितकी तत्परता आली नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. ‘आजकालच्या मुलांना काही माहीत नसते’ असे म्हणण्याआधी आपण स्वतःला विचारावे, की त्यांनी पाहावे तरी काय? जे उपलब्ध नाही त्याच्या अज्ञानाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, आणि मला त्या अन्यायाचा मनापासून राग येतो.

—

प्रतिसाद : कोरडवाहू

धागा मनापासून आवडला, तरी एक वेगळी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. ‘आपले बालपण’ असे म्हणताना त्यात कोणाकोणाचे बालपण येते?

माझा जन्म नांदेड जिल्ह्यातला, वय धागाकर्त्याच्या आसपासच असावे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा ते मुंबईच्या परिसरात दिसे आणि पुढे सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुणे परिसरात दिसू लागले. आमच्याकडे दूरचित्रवाणी आली ती १९८४ नंतर, देशभर कमी क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली तेव्हा, आणि त्यांवरून सुरुवातीला प्रामुख्याने दिल्लीचेच कार्यक्रम येत. म्हणजे आम्हाला ‘हमलोग’ माहीत होते, पण ‘गजरा’ माहीत नव्हता. पुढे शिक्षणासाठी मी पुण्यात आलो, तेव्हा वसतिगृहातली माझ्याच वयाची मुले ‘संताकुकडी’ आणि ‘किलबिल’च्या आठवणींत रंगत, आणि मी गप्प बसून ऐकत असे. आज तुम्हाला तरुणांसमोर जे वाटते, ते मला माझ्याच वयाच्या मुलांसमोर विसाव्या वर्षी वाटले होते. तेव्हा मी म्हातारा नव्हतो, फक्त परगावचा होतो.

आमचे बालपण ज्यांनी भरले त्या गोष्टी निराळ्या. सकाळी आकाशवाणी पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या आणि त्यातला सुधा नरवणे यांचा आवाज, हा कदाचित तुमचा आणि माझा एकमेव सामाईक धागा असेल. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, त्यालगत तमाशाचे फड आणि तंबूतला सिनेमा. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे बसत, आणि आम्ही मुले मागच्या बाजूला बसून उलटी अक्षरे वाचत असू. दादा कोंडके यांचे चित्रपट मी असेच पाहिले. घरात मोठ्या भावाने आणलेला टेपरेकॉर्डर होता आणि प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट होत्या.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्यांना तंबूतला सिनेमा माहीत नाही, आणि त्यांना तो समजावून सांगताना मी थकतो. मात्र वामनदादा कर्डक यांची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत, आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ते पहिल्याच ओळीला ओळखतात. कारण दरवर्षी १४ एप्रिलला वस्तीत ती गाणी लागतात आणि आषाढीच्या सुमारास प्रल्हाद शिंदे यांचीच भक्तिगीते लागतात. कोणी त्यांना बसवून शिकवले नाही. ज्या गोष्टीला पंचांगात किंवा गावाच्या वर्षात जागा आहे, ती पुढच्या पिढीला आपोआप मिळते. धागाकर्त्यांच्या ‘गजरा’ला अशी जागा नव्हती आणि माझ्या तंबूलाही ती उरली नाही.

—

प्रतिसाद : तेरेखोल

कोरडवाहू यांचे म्हणणे आमच्या भागात तंतोतंत लागू पडते. मी गोव्यातल्या पेडण्याचा. आमच्याकडे कार्तिकानंतर जत्रांचा मोसम सुरू झाला की देवळापुढे रात्री उशिरा दशावतार उभा राहतो. गणपतीचे आवाहन होते, संकासूर येतो, मुले भितात आणि हसतातही, मग पहाटेपर्यंत आख्यान चालते आणि शेवटी दहीकाला होतो. माझ्या आजोबांनी पाहिलेला संकासूर माझ्या नातवाने पाहिला आहे, आणि त्याविषयी आम्हा दोघांना एकमेकांना काहीही समजावून सांगावे लागत नाही.

उलट, त्याच घरात आकाशवाणीवर ऐकलेल्या नाटकांची आणि श्रुतिकांची नावे मी काढली की माझे मूल माझ्याकडे कोरेपणाने पाहते. दशावतार ऐकण्यापेक्षा श्रुतिका ऐकण्यात माझे कितीतरी अधिक तास गेले असतील. पण तासांवर काही अवलंबून राहिले नाही.

—

प्रतिसाद : अनामवृत्त

मी या धाग्यावरच्या बहुतेकांपेक्षा वयाने बराच लहान आहे. माझा जन्म २००१ सालचा. ज्यांच्याविषयी हा धागा आहे त्यांच्या बाजूने थोडे लिहू का? आपण सर्वांनी इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून धीर होतो आहे.

पहिली गोष्ट, आम्ही जुने टाळतो असे नाही. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले, म्हणजे माझ्या जन्माआधी. तरीही ‘म्हैस’ आणि ‘अंतू बर्वा’ मी इतक्या वेळा ऐकले आहे की पुढचे वाक्य मला आधी येते. त्यांचे ध्वनिमुद्रण झाले होते, ते मोबाइलवर सापडते, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री झोप येत नसे तेव्हा मी ते लावत असे. फास्टर फेणे मला २०१७ सालच्या चित्रपटामुळे भेटला. त्यानंतर भा. रा. भागवतांची पुस्तके मी ग्रंथालयातून आणून वाचली आणि फुरसुंगीचा तो सायकलवाला मुलगा मला चित्रपटातल्यापेक्षा पुस्तकात अधिक आवडला.

दुसरी गोष्ट सांगताना कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. मोठी माणसे जेव्हा त्यांच्या बालपणातले एखादे नाव घेतात, तेव्हा ते बहुधा परीक्षेतल्या प्रश्नासारखे येते. “तुला हे माहीत नाही?” या वाक्यावर मी काय उत्तर देणार? नाही म्हटले की समोरच्या चेहऱ्यावर जी निराशा येते, ती पाहून पुढे विचारण्याचे धैर्य होत नाही. माझ्या आजीने मात्र मला ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत यांचे संवाद आवाज बदलून करून दाखवले होते. मी ती श्रुतिका कधीही ऐकलेली नाही, पण त्या तिघांना मी ओळखतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. लालबागकरकाका म्हणाले की त्यांचे अर्धे वाक्य समोरचा पुरे करीत असे. आमच्या पिढीत ते सुख फार कमी आहे. लहानपणी डोरेमॉन आणि छोटा भीम आम्ही सगळ्यांनी पाहिले, आणि तेही हिंदीत पाहिले. तेवढा भाग सामाईक आहे. पण हातात स्वतंत्र मोबाइल आल्यानंतर माझ्या वर्गातल्या शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनीही एकच गोष्ट पाहिली असेल याची खात्री नव्हती. जो तो आपल्या पडद्यावर आपल्यासाठी निवडून आलेले पाहतो. माझ्या महाविद्यालयातल्या गप्पांत कोणी काही सांगू लागले की बाकीचे “लिंक पाठव” असे म्हणतात, आणि पाठवलेली लिंक बहुतेक वेळा कोणी उघडत नाही. तुमच्याकडे निदान तुमच्या वयाची माणसे तरी आहेत, ज्यांना तुमच्या आठवणी समजतात. पन्नाशीत मी माझ्या आठवणी कोणाबरोबर पुऱ्या करीन, हा प्रश्न मला आत्ताच पडतो. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असलेल्या चुलतभावाला ऑर्कुट म्हणजे काय हे ठाऊक नाही. ते समाजमाध्यम २०१४ साली बंद झाले आणि त्यावरच्या मोठ्या ताईदादांच्या गप्पा, फोटो, एकमेकांना लिहिलेली प्रशस्तिपत्रे सगळीच गेली.

—

प्रतिसाद : लालबागकर

अनामवृत्त, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ‘परीक्षेतल्या प्रश्नासारखे’ हे शब्द माझ्या मनात राहतील, आणि तुमच्या आजींचे करून दाखवणे तर त्याहून अधिक. एकच पडदा असण्याचा आम्हाला तेव्हा कंटाळाही येत असे. शेतीचा कार्यक्रम लागला की मुले उठून गॅलरीत जात. पण दुसरे काही नसल्यामुळे आम्ही परतही येत असू आणि मोठ्यांचे कार्यक्रम अर्धवट का होईना पाहत असू. माझ्या पिढीला जुनी नाट्यगीते माहीत आहेत ती अशीच, मोठ्यांच्या मांडीशेजारी बसून, दुसरा इलाज नसल्यामुळे. एका घरातल्या तीन पिढ्यांनी एकच गोष्ट पाहण्याची ती सक्ती गेली आणि तिच्याबरोबर सहज होणारे हस्तांतरणही गेले, असे आता मला वाटू लागले आहे.

कोरडवाहू, तुमचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. शीर्षकातले ‘आपले’ हे मुंबई-पुण्याचे आहे. तंबूतल्या सिनेमाविषयी, विशेषतः पडद्यामागे बसून उलटी अक्षरे वाचण्याविषयी, तुम्ही सविस्तर लिहावे अशी आग्रहाची विनंती आहे.

—

प्रतिसाद : आजोबा७८

माझे वय नावातच आहे. या विषयावर बोलण्याचा मला दुहेरी अधिकार आहे असे मी मानतो, कारण मी दोनदा मागे पडलो आहे.

माझे तारुण्य रेडिओचे. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. ती १९५२ साली सुरू झाली. कोणते गाणे कितव्या पायरीवर चढले याची वही मी ठेवीत असे. आकाशवाणी मुंबईवर ‘आपली आवड’ आणि वर कोणी उल्लेखलेले ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमांसाठी आम्ही जेवणाच्या वेळा ठरवीत असू. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी हे आम्हाला नातेवाइकांइतके जवळचे होते, आणि त्यांचे चेहरे आम्ही पाहिले नव्हते याची उणीव कधी भासली नाही. मग दूरदर्शन आले आणि माझीच मुले, म्हणजे साधारण लालबागकरांच्या पिढीची, त्या पेटीसमोर जाऊन बसली. मी रेडिओ लावला की ती म्हणत, “बाबा, जरा हळू लावा, ऐकू येत नाही.” ज्या कार्यक्रमांच्या आठवणीने आज तुम्ही गहिवरता, त्यांनी माझा रेडिओ बंद केला.

माझ्या वडिलांचे दुःख त्याहून जुने. त्यांनी बालगंधर्वांना ऐन भरात ऐकले होते. बालगंधर्व १९६७ साली गेले तेव्हा वडील दिवसभर कोणाशी बोलले नाहीत, आणि मला, तेव्हाच्या कॉलेजकुमाराला, त्याचे नीटसे कारणही कळले नाही. मी त्यांना काही विचारले नाही. ते मात्र मला पुष्कळ सांगू शकले असते.

त्यामुळे लालबागकरांना जे वाटते त्याला मी म्हातारपण म्हणणार नाही. ती जाणीव मला चाळिशीत प्रथम झाली आणि सत्तरीत ती कमी झाली. वयाबरोबर ती वाढत जाते असे समजू नका. चाळीस-पन्नास या वयात माणूस नुकताच मध्यभागावरून बाजूला सरकलेला असतो. जाहिराती, चित्रपट, भाषा सगळे काही आजवर त्याला उद्देशून होते आणि अचानक ते दुसऱ्या कोणाला उद्देशून असते. हे सरकणे दुखते. पुढे बाजूला बसण्याची सवय होते आणि तिथून बरेच काही दिसते. खरी उणीव नंतर येते आणि ती वेगळी असते. ज्याला विचारून आठवणीची खात्री करावी असा माणूस उरत नाही. गीतमालेतल्या एका गाण्याविषयी मला शंका आली, तेव्हा फोन करावा असा मित्र उरला नव्हता. तरुणांनी विसरण्यापेक्षा हे फार कठीण आहे, आणि त्यावर तरुणांकडे इलाजही नाही.

—

प्रतिसाद : पानोपानी

आजोबा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. मी लहान मुलांसाठी चालणाऱ्या एका वाचनालयात काम करते, म्हणून जे रोज पाहते तेवढेच सांगते.

आमच्या बालपणाच्या वाचनातल्या काही गोष्टी मुले आजही स्वतःहून उचलतात. फास्टर फेणे त्यांत सर्वांत पुढे आहे, कारण गोष्ट पहिल्या पानापासून धावते आणि सायकल ही वस्तू अजून जुनी झालेली नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मात्र मुलांच्या हाती आपणहून जात नाही. त्यातले घर, वागणे, लाज, माया हे सगळे त्यांना अनोळखी आहे. तो मोठ्याने वाचून दाखवला तरच चालतो, आणि वाचून दाखवला तर अतिशय चांगला चालतो. पन्नाशीतल्या एका बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. गोट्याचे पुस्तक पाहताच त्यांनी दूरदर्शनवरच्या मालिकेचे ‘बीज अंकुरे अंकुरे’ हे शीर्षकगीत तिथेच म्हणायला सुरुवात केली. आजूबाजूची तीन-चार मुले येऊन उभी राहिली आणि त्यांनी ते पुस्तक वाचून दाखवण्याचा हट्ट धरला.

‘चांदोबा’चे जुने अंक आम्ही बांधून ठेवले आहेत. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला आणि आता तो निघत नाही. मुले त्यातल्या गोष्टींपेक्षा चित्रांपाशी रेंगाळतात. खांद्यावर वेताळ घेऊन स्मशानातून चाललेल्या विक्रमाचे ते चित्र पाहून, याचे पुढे काय होते, असे विचारले नाही असे मूल मी अजून पाहिलेले नाही. उत्तर म्हणून मी गोष्ट सांगते. काही मुले मग अंक घरी नेतात, काही नेत नाहीत.

‘किशोर’ची गोष्ट मात्र आनंदाची आहे आणि ती पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बालभारतीने १९७१ साली हे मासिक सुरू केले, ते आजही निघते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. आपण स्वतः ज्या महिन्यात दहा वर्षांचे होतो त्या महिन्याचा अंक शोधून मुलाबरोबर पाहावा. मी हे अनेक पालकांना सुचवले आहे. मुलांना आई किंवा बाबा आपल्या वयाचे असताना काय वाचत होते, याचे कुतूहल मनापासून असते. मासिकाविषयीच्या कुतूहलाच्या कितीतरी पट ते अधिक असते.

—

प्रतिसाद : दूरदेशी

आम्ही १९९८ साली अमेरिकेत आलो. त्यामुळे आमचे घर त्या वर्षाशी थांबले आहे. माझ्या मुलीला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पाठ आहे, छायागीत हा शब्द माहीत आहे, आणि इथल्या मराठी शाळेतल्या तिच्या मैत्रिणींनाही तेच माहीत आहे, कारण आम्ही सगळे पालक एकाच काळात निघालो. पुण्याला गेल्यावर ती मोठ्या उत्साहाने आपल्या मामेभावंडांशी या गोष्टी बोलायला गेली आणि त्यांनी तिला विचारले, “हे काय असते?” भारतात असणाऱ्या मुलांपेक्षा आपल्याला भारत कमी माहीत आहे की जास्त, असा प्रश्न तिला तेव्हा पडला. मी तिला अजूनही समाधानकारक उत्तर देऊ शकलेले नाही.

—

प्रतिसाद : कोरडवाहू

लालबागकरांनी विचारले म्हणून लिहितो. तंबूचा पडदा पातळ पांढऱ्या कापडाचा असे आणि चित्र आरपार उमटे. पुढच्या बाजूला पुरुष आणि मागच्या बाजूला बायका-मुले, अशी बसण्याची रीत आमच्याकडे होती. मागून पाहिले तर नायक डावखुरा दिसे आणि नावांची पाटी उलटी येई. त्या उलट्या अक्षरांवरून कोणाचे नाव आहे हे ओळखण्याची आम्हा मुलांत चढाओढ लागे. यंत्र एकच असल्यामुळे रीळ बदलताना अंधार होई आणि तेवढ्यात भेळवाला फिरून जाई. तंबूवाल्याच्या जीपवरचा कर्णा दुपारपासून गावोगाव फिरे आणि नायिकेचे नाव इतके लांबवून घेई की त्याची नक्कल करणारी मुले पुढे कितीतरी दिवस तसेच बोलत.

हे मी प्रथमच लिहून काढतो आहे. अनामवृत्त म्हणतात तसे, पुतण्यांना मी आजवर फक्त “तुम्हाला तंबूतला सिनेमा माहीत नाही” एवढेच ऐकवत आलो होतो. कर्ण्यावरची ती घोषणा मला अजून येते. ती त्यांना करून दाखवीन.

—

प्रतिसाद : जुनीवही

एक व्यवहारी सूचना करते. प्रसार भारती आणि सह्याद्री वाहिनीने आपल्या संग्रहातले काही जुने कार्यक्रम यूट्यूबवर ठेवले आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲपही आहे. जे टिकून राहिले आहे त्यातले काही तिथे सापडते. परंतु जे पुसले गेले ते कुठेच सापडणार नाही आणि त्यासाठी आपल्या आठवणींखेरीज दुसरा दस्तऐवज नाही. म्हणून या धाग्यावर कार्यक्रमांची नुसती नावे देऊ नयेत. कार्यक्रम साधारण कोणत्या साली पाहिला, कोणत्या गावी, कोणाच्या घरी, निवेदन कोण करीत असे, शीर्षकाचे संगीत कोणत्या वाद्यावर होते, एखादे वाक्य किंवा प्रसंग जसाच्या तसा आठवतो का, हे सर्व लिहावे. ज्यांनी श्रुतिका ऐकल्या त्यांनी पात्रांच्या लकबी लिहाव्यात. आजोबा, तुमची गीतमालेची वही अजून असेल, तर तिच्या पानांची छायाचित्रे इथे द्याल का?

—

प्रतिसाद : आजोबा७८

वही आहे. १९६३ पासूनची आहे, मधली दोन वर्षे नाहीत. छायाचित्रे कशी चढवायची ते मला येत नाही. नात रविवारी येते, तिच्याकडून करून घेतो. तिने ती वही अजून पाहिलेली नाही.

—

प्रतिसाद : अनामवृत्त

आजोबा, पाने आली की त्यातली गाणी क्रमाने लावून एक यादी मी तयार करतो आणि इथेच देतो. मधल्या दोन वर्षांची यादी इतर कोणाकडे असेल तर कृपया कळवावे. आणि ज्या गाण्याविषयी तुम्हाला शंका होती, ते कोणते होते?